गावी निघण्याआधी: एअरबॅगचा लाइट ‘बंद करून’ घेऊ नका

गणपती तोंडावर आले की मुंबई-ठाणे-पुण्यात गाड्यांची कामं निघतात. कुणी सीट कव्हर बदलतं, कुणी सेव्हन-डी मॅट टाकतं, कुणाला मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ हवा असतो. यातली बरीच कामं हल्ली रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोबाइलवर व्हिडिओ लावून होतात. गाड्यांचं वायरिंग बघणाऱ्या आमच्यासारख्यांची त्याला हरकत नाही. स्वतः पान्हा हातात घेणारा माणूस गाडी जपून वापरतो, असाच अनुभव आहे. पण काम आटोपून चावी फिरवली आणि मीटरवर बसलेला माणूस व त्याच्या पुढ्यात गोळा हे चित्र लागलं ते लागलंच, तर कृपा करून तशीच गाडी महामार्गावर काढू नका. आणि ‘पाचशे रुपयांत लाइट घालवून देतो’ म्हणणाऱ्याकडे तर अजिबात नेऊ नका.

चावी दिली की हा लाइट काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्यात एअरबॅगचं कंट्रोल युनिट स्वतःची, सेन्सरांची आणि वायरिंगची तपासणी करतं. लाइट विझला नाही तर कुठेतरी बिघाड सापडला आहे. अशा वेळी अनेक गाड्यांत सगळी यंत्रणा किंवा तिचा काही भाग बाद होतो, आणि कोणता भाग ते नुसत्या लाइटवरून कळत नाही. समोरून टक्कर बसल्यावर एअरबॅग साधारण ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात फुगलेली असावी लागते. सीट बेल्ट झटक्यात आवळून धरणारा प्रीटेन्शनरही याच युनिटच्या हुकमावर चालतो. म्हणजे लाइट लागलेला असताना तुमचा बेल्टही अर्ध्या ताकदीचा झालेला असू शकतो.

बहुतेक वेळा दोष अगदी किरकोळ असतो, आणि त्याचाच जास्त राग येतो. मॅट टाकायला पुढच्या सीट काढाव्या लागतात. बोल्ट सोडून सीट मागे कलवली की खाली वायरींचा जुडगा दिसतो. साइड एअरबॅग असलेल्या गाडीत त्यात एक पिवळा कपलर असतो. पिवळा रंग उगाच नाही: आत स्फोटक भरलेलं सर्किट आहे, हे मेकॅनिकला लांबूनच कळावं म्हणून. हा कपलर सुटला की आतली एक बारीक पट्टी दोन्ही पिना एकमेकींना जोडते, जेणेकरून अंगातल्या स्थिर विजेने एअरबॅग उडू नये. आता होतं काय, सीट बाहेर असताना कुणीतरी गाणी ऐकायला चावी फिरवतं. युनिटला सर्किट तुटलेलं दिसतं आणि ते कोड नोंदवून ठेवतं. नंतर तुम्ही कपलर अगदी नीट बसवलात तरी अनेक गाड्यांत लाइट जात नाही, कारण कोड मेमरीत असतो. तो स्कॅनर लावून पुसावा लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे कपलर बसल्यासारखा वाटतो, पण बसलेला नसतो. याला बहुधा दुहेरी लॉक असतं. पहिला ‘टक्’ ऐकून लोक समाधानी होतात आणि दुसरं लॉक दाबायचं राहतं. सीट परत बसवताना वायर रुळात अडकली, तर सीट पुढेमागे करताना ती सोलत जाते. लाइट मग आठवड्याने, घाटात कुठेतरी लागतो. उतरलेली बॅटरीही हा लाइट लावू शकते, तेव्हा आधी तीही बघा.

स्टिअरिंगच्या बाजूचं काम केलं असेल आणि लाइटबरोबर हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही गेली असतील, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर. चाकामागे गुंडाळलेली ही चपटी केबल चाक फिरलं तरी जोडणी तुटू देत नाही. चाक काढल्यावर ती हातानं फिरवली गेली आणि मध्यावर न आणता बसवली, तर एका बाजूला पूर्ण वळण घेताना तुटते. तिला चिकटवायच्या भानगडीत पडू नका, नवी घाला.

सीट कव्हरबद्दल एक वेगळी गोष्ट. साइड एअरबॅग सीटच्या बाहेरच्या कडेतून फुटते. त्यावर घट्ट शिवलेलं कव्हर चढवलं तर तिची वाट अडते, आणि याबद्दल मीटरवर कुठलाही लाइट लागत नाही. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर त्या जागी मोकळं असलेलं कव्हरच मागा.

घरी दुरुस्ती करणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: एअरबॅगच्या पिनांना साधा मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. ती उडायला जेमतेम एक अँपिअरच्या आसपासचा करंट पुरतो आणि टेस्ट लॅम्पमधला मोठा बल्ब तेवढा सहज ओढतो. पिवळ्या कपलरला हात लावण्याआधी चावी बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि थांबा. किती, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. काही गाड्यांना मिनिटभर पुरतं, काहींना तीन मिनिटं लागतात. युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही एअरबॅग उडवण्याइतका साठा राहतो. स्टिअरिंगवरून काढलेला एअरबॅगचा भाग टेबलावर ठेवताना हॉर्नची बाजू वर असू द्या. उलटा ठेवला आणि उडाला, तर तो अख्खा भाग छताकडे झेपावतो.

आता त्या पाचशे रुपयांविषयी. एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर जोडला की युनिट फसतं. त्याला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. लाइट विझतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि गाडीत एअरबॅगच्या जागी मिरीएवढा तुकडा असतो. याहून वाईट लोक मीटर उघडून लाइटच मारून टाकतात. अपघातात एअरबॅग उडालेली गाडी विकायला काढताना हे विशेष होतं, कारण खरं काम महाग असतं: नवी एअरबॅग, प्रीटेन्शनर आणि बहुतेक वेळा टक्कर नोंदवून बसलेलं कंट्रोल युनिटही. हे करणाऱ्या आमच्याच धंदेबंधूंना सांगतो, नकार द्या. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, जाऊ द्या.

चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२२ पासून. त्या गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. घेताना चावी फिरवून मीटरकडे बघा. हा लाइट लागून विझलाच पाहिजे. लागलाच नाही तर तिथेच थांबा. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या किंवा जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात उभी असलेली गाडी असेल, तर गालिचा उचलून सीटखालचे कपलर गंजलेत का, तेही पाहा. बऱ्याच गाड्यांत युनिट मधल्या कन्सोलखाली, म्हणजे पाणी साचतं तिथेच असतं. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावलेला असेल तर काढा. टक्करीचा धक्का सेन्सरपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे.

लाइट लागलाय आणि निघायला चारच दिवस आहेत, तर काय करायचं? एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये न्या. घरातला स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतो. कोड पुसण्याआधी त्याचा आकडा बिलावर लिहून घ्या आणि पुसल्यावर गाडी फिरवून आणा. दोष खरा असेल तर लाइट परत येतो. काय काम केलं, कुठला कपलर, कुठली सीट, हे मेकॅनिकला लपवू नका. तुमच्या एका वाक्याने त्याचा अर्धा दिवस वाचतो. काम वेळेत होत नसेल तर घरच्यांना एसटीने किंवा रेल्वेने पाठवा. तेही जमणार नसेल आणि हीच गाडी न्यावी लागली, तर बेल्ट सगळ्यांनी लावायचा, मागच्यांनीसुद्धा, मुलं मागच्या सीटवर, आणि रात्रीचा घाट टाळायचा.