कुणाच्या कृपेनं?

दोस्तांनो, पोरीचं लग्न ठरलंय. पत्रिका छापायचीय. म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय? हाय. ऐका.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर उभा राहणारा माणूस. पाच तारे वसाहतीच्या पाटीवर, आमच्या वाट्याला तीन पाळ्या. सुपरवायझरला म्हणालो, साहेब, पत्रिका घेऊन येतो. तो प्रेमानंच बोलला, "वर ते निळं, जय भीम वगैरे घालू नकोस. साधी छाप. म्हंजे सगळ्यांना यायला बरं पडंल."

साधी म्हंजे कुठली? वर गणपती, त्याखाली कुलदैवत प्रसन्न, ती साधी! दर खंडेनवमीला बोर्डावर पूजेचं निमंत्रण लागतं. हार घातलेल्या मशीनपुढं आम्हीही उभे राहतो, पेढा हातावर घेतो. तिथं आमचा पाय अडत न्हाय. मग माझ्या कागदावर बुद्ध दिसला की तुमचाच पाय का अडखळतो?

शब्द कुणासाठी कुठला, यावरून या कोल्हापुरात १८९९-१९०० च्या सुमारास राजालाच अडवलं होतं. शाहू महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारले, पुराणोक्तावर भागवा म्हणाले. हे महाराज दत्तक गेले ते कागलच्या घाटग्यांच्या घरातून. त्यांच्या मदतीच्या आधारानं बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केला. पुढं १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. मूक, बहिष्कृत! वरच्या आळीला बरं वाटावं म्हणून एक अक्षर मऊ केलं न्हाय. आमची वसाहत कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत पसरलेली. त्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१-२२ मार्च १९२० ला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. तिथं छत्रपती स्वतः आले. आमची ओळख पुसा, मग येतो, असं राजा म्हणाला न्हाय. सुपरवायझर काय राजापेक्षा मोठा?

पण नुसतं त्यांच्या नावानं बोंबलून भागत न्हाय. गेलो छापखान्यात. कॉम्प्युटरवरचं पोरगं म्हणालं, "मामा, तुमच्या लोकांचा मजकूर तयारच हाय." पडद्यावर आलं : तथागत बुद्ध व परमपूज्य बाबासाहेबांच्या असीम कृपेने. मी मान हलवली. पोरगी शेजारी उभी. म्हणाली, "पप्पा, कृपा कसली? बाबासाहेबांनी कृपा वाटली काय?"

थोबाडीत बसल्यागत झालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. गौरी-गणपती मानणार न्हाय, देवाचा अवतार मानणार न्हाय, बुद्ध विष्णूचा अवतार मानणार न्हाय. आणि आम्ही काय केलं? 'श्रीकृपेकरून' मधला श्री खोडला, तिथं बुद्ध बसवला, कृपा तशीच ठेवली! फोटो बदलला, पाठीचा बाक तोच. अरे, बाबासाहेब हक्कासाठी लढले. हक्काला कृपा म्हणणारा उद्या पगारालाही मालकाची कृपा म्हणंल.

"आणि ते सौ. कां. पण काढा," पोरगी म्हणाली. नवऱ्या पोराला नुसतं चि., म्हंजे तू जग. पोरीच्या नावामागं सौभाग्यकांक्षिणी, म्हंजे नवरा जगू दे अशी आस धरून जग. काढलं. कन्यादान हा शब्दही काढला. पोरगी काय शेळी हाय दान द्यायला?

छापखान्यातलं पोरगं म्हणालं, "मामा, मग उरलं काय?"

उरलं ते हे : आमची मुलगी आणि तिनं पसंत केलेला मुलगा बौद्ध पद्धतीनं लग्न करत आहेत. तुम्ही या. आमच्या पंगतीला मांडीला मांडी लावून जेवा. जय भीम.

पहिली पत्रिका सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलीय. येणं न येणं त्याचा प्रश्न. पण भावांनो, तुमच्या घरचं लग्न निघालं तर छापखान्यातला तयार मजकूर तसाच उचलू नका. आधी वाचा. 'कृपेने' दिसलं की लाल पेनानं खोडा. मग छापा.