चित्रपुस्तक आपल्या घरातलं

मुलांना सांगितलेल्या गोष्टींचं चित्रपुस्तक कसं निघेल, असं अनेक भगिनी आम्हाला विचारतात. आधी चित्रं काढून घेण्याचा खर्च करू नका. चित्रकार बहुधा प्रकाशकच निवडतो. माधुरी पुरंदरे यांच्यासारखे दोन्ही स्वतः करणारे विरळाच. पानं थोडी, पानावर दोन-चार वाक्यं. दादी रागावलेली चित्रात दिसणार असेल, तर लिहायचं कशाला? प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015 पासून तिथलीच चित्रं घेऊन कुणालाही गोष्ट मोफत प्रसिद्ध करता येते, मराठीत आणि उर्दूतही. मानधन नाही, पण हात बसतो.

आणि विषय? आमच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा 1857 च्या बंडाची आठवण सांगतो. देहदंडाची गोष्ट लहानग्यांना नको. पण याच शहरात पाणचक्की आहे, हिमरूचा माग आहे, नान-खलियाची देग आहे. आपली मुलं शाळेत मराठी वाचतात, पण मराठी चित्रपुस्तकांत खाला, फुफी, शीरखुर्म्याची सकाळ क्वचितच भेटते. ते दुसऱ्या कुणी लिहावं म्हणून किती थांबायचं? शहरात मोहल्ला बाल वाचनालयं सुरू झाली आहेत. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी गोष्ट तिथल्या मुलांना वाचून दाखवा. ती जिथे चुळबुळ करतील, तिथे पेन्सिल चालवा.