साचेबंद कोण?

कंटाळवाण्या गोष्टीला आपण पटकन ‘साचेबंद’ म्हणून मोकळे होतो. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला हा शब्द तसा उशिराच भेटला. पण ब्राँझच्या पुतळ्याचा साचा कसा करतात हे कळल्यावर वाटलं, बिचाऱ्या साच्याची उगाच बदनामी झालीय!

मेणाच्या पद्धतीत आत मातीचा गाभा, त्यावर पुतळ्याच्या जाडीइतकं मेण आणि बाहेरून मातीचं किंवा प्लास्टरचं कवच. भट्टीत तापवलं की मेण वितळून जातं. राहिलेल्या पोकळीत साधारण ११०० अंशांचा रस ओततात. शेवटी साचा फोडायचा. एक साचा, एकच ओतकाम!

यात इंजिनीअरिंग कुठे आलं? सगळीकडे! साच्यात ओल राहिली तर पाण्याची वाफ १६०० पटींहून जास्त फुगते आणि रस उसळून अंगावर येतो. हवेला वाट ठेवली नाही तर पुतळ्याच्या नाकाच्या जागी खड्डा. निवताना ब्राँझ दीड टक्क्याच्या आसपास आकसतं, तेही आधीच धरावं लागतं. अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुण्यात १९२८ पासून उभा आहे. असं काम नुसत्या कलेवर होत नाही.

आणि आपण? फर्स्ट इयरला वाळू ठोकतो, पॅटर्न अलगद काढतो, सरांची सही घेतो आणि वाळू परत ढिगात! धातूचा थेंबसुद्धा पडत नाही. मग साचा बरोबर होता की चूक, हे कळणार कसं? मार्क मिळतात, उत्तर मिळत नाही.

धोका आहे, खर्च आहे, हे मान्य. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. टर्ममध्ये एक दिवस, प्रत्येक बॅचचा एकच साचा, ओतणार वर्कशॉपमधले अनुभवी काका, आपण लांब उभे. नंतर तो तुकडा करवतीने कापून आतली भोकं मोजायची आणि कारणं जर्नलमध्ये लिहायची. इंडस्ट्रियल व्हिजिटला एकदा पुतळ्यांच्या फाउंड्रीतही न्या. परत येताना सासवण्याचं करमरकरांचं संग्रहालय बघू.

साचा दरवेळी नवा करावा लागतो. साचेबंद झालंय ते आपलं सबमिशन! सर, या वर्षी निदान एक साचा भरू द्या.