लॉ कॉलेज उघडण्याआधी काय वाचावं?

मे-जून आला की मंडळाच्या कार्यक्रमात मला कायद्यापेक्षा कायद्याच्या कॉलेजबद्दलच जास्त विचारतात. यंदा एका ताईंनी मला चहाच्या टेबलाशी गाठलं. मुलीला बी.ए. एलएल.बी.ला प्रवेश मिळालाय, कॉलेज उघडायला दोन महिने आहेत. एक क्लासवाला म्हणतो, पहिल्या सत्राचे विषय आत्ताच करून घ्या, नाहीतर मागे पडेल. त्यातच भाच्यानं आपल्या जुन्या पुस्तकांची पेटी पाठवून दिली आहे. "वकीलसाहेब, करू काय?"

क्लासला नको म्हणा, हे मी लगेच सांगितलं. पेटीबद्दल मात्र बोलायला वेळ लागला.

पेटीत भारतीय दंड विधान, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा होता. १ जुलै २०२४ पासून या तिघांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले आहेत. कलमं नुसती वाढली-घटली नाहीत, त्यांचे क्रमांकच हलले. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये होती, ती आता १०३ मध्ये आहे. नव्या संहितेचं ३०२ कलम धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. सिनेमातलं ४२० आता ३१८ मध्ये सापडेल. सगळ्यात फसवं ४८२. जुन्या प्रक्रिया संहितेत ते हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं, नव्या संहितेत त्याच क्रमांकावर अटकपूर्व जामीन आहे. मुलीनं दोन महिने बसून जुने क्रमांक घोकले तर पहिल्या वर्षी ते विसरण्याचं काम वाढेल. तरी पेटी रद्दीत घालू नका. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच दंड विधानाखाली चालतात, आणि ते अजून बरीच वर्षं चालतील. पेटीच्या तळाशी १८७२ च्या करार कायद्याचं पुस्तक निघालं. तो कायदा आजही लागू आहे, ते मी बाजूला काढून ठेवायला सांगितलं.

पण तेही पहिल्या पानापासून वाचायचं नाही. कायद्याच्या परीक्षेत 'प्रस्ताव म्हणजे काय' एवढंच विचारून सोडत नाहीत. एक हकिगत देतात आणि विचारतात, कोण जिंकेल आणि का? व्याख्या पाठ असून इथे भागत नाही. सवय लागते ती हकिगतीतून नेमका मुद्दा उचलण्याची.

त्यासाठी मी ताईंच्या मुलीला एकच निकाल वाचायला सांगितला. लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद हायकोर्ट, १९१३. गौरी दत्तांचा पुतण्या घरातून पळून गेला. त्यांनी आपला मुनीम लालमन याला शोधायला हरिद्वारला पाठवलं. तो गेल्यावर इकडे मालकांनी ५०१ रुपये इनामाचं पत्रक काढलं. लालमनला या इनामाची कल्पना नव्हती आणि मुलगा त्यानं ऋषिकेशला शोधून काढला. पुढे नोकरी गेल्यावर त्यानं इनामाच्या पैशांसाठी दावा लावला.

इथे पुस्तक मिटायचं. घरात सगळ्यांना विचारायचं, द्यावेत का पैसे? ताईंकडे आजी म्हणाल्या, "द्यायलाच हवेत, पोर आणून दिलं ना त्यानं!" बाबा म्हणाले, "नोकरच होता, पगार मिळत होता की." मग निकाल उघडायचा. लालमन हरला. जो प्रस्ताव माहीतच नाही तो स्वीकारणार कसा, हे एक कारण. मुलाला शोधण्याची जबाबदारी त्याच्यावर आधीच होती, हे दुसरं. बाबांचं उत्तर कोर्टाच्या दुसऱ्या कारणापाशी पोचलं होतं, पण पहिलं कोणालाच सुचलं नव्हतं. आजींना निकाल अजून पटलेला नाही, आणि त्यांच्या बाजूनंही युक्तिवाद करता येतो. असे चार निकाल दोन महिन्यांत सावकाश वाचून झाले तरी पुष्कळ.

एका बाबतीत मात्र आधी तयारी करावी, असं मी ठामपणे म्हणेन. ती बाब भाषेची. आपल्या इंदूरच्या मराठी मुलांची इथे तिहेरी गंमत असते. घरी 'जामीन', जिल्हा कोर्टात 'जमानत', कॉलेजात 'बेल'. आपली 'तारीख' इथे 'पेशी' होते, दोषारोपपत्राला 'चालान' म्हणतात, आणि सातबारा ऐकत मोठा झालेला मुलगा 'खसरा' शब्दाशी अडखळतो. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी निकालाची लांबलचक वाक्यं पहिल्या महिन्यात घाबरवतात. हुशार मुलं 'आपल्याला जमणार नाही' म्हणून गप्प बसतात ती इथेच. मी अशी मुलं ज्युनिअर म्हणून येताना पाहिली आहेत. डोकं तल्लख, पण इंग्रजी अर्ज लिहायला सांगितला की हात थांबतो. या मुलांना क्लासची फी भरण्यापेक्षा एक वही आणून द्या. संविधान मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही मोफत मिळतं. रोज एक अनुच्छेद शेजारी-शेजारी ठेवून वाचायचा, अडलेला शब्द तिन्ही भाषांत लिहायचा. १४, १९, २१ आणि २२ पासून सुरुवात करा, पहिल्या पानावरून नको. मूळ कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यामुळे जाडजूड गाइडं विकत घ्यायची घाई नको. कॉलेजात शिक्षक कोणतं पुस्तक सांगतील ते कळल्यावरच घ्या.

ताईंनी शेवटी विचारलं, "आणि कोर्टात नेऊन आणू का एकदा?" जरूर न्या. न्यायालयं सर्वसाधारणपणे लोकांसाठी खुली असतात, फक्त काही खटले, विशेषतः लैंगिक गुन्ह्यांचे, बंद दाराआड चालतात. मोबाइल बंद ठेवायचा, मागच्या बाकावर बसायचं. सिनेमासारखं काही होणार नाही, बहुतेक वेळ पुढची पेशी ठरवण्यातच जाईल. तेही पाहू द्या. ताईंची मुलगी येत्या मंगळवारी माझ्यासोबत येते आहे, वही घेऊन.