न भरलेल्या हप्त्याचे महायुद्ध

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेला माझा नातू तीन दिवस खोलीचे दार लोटून बसला होता. चौथ्या रात्री पेढी बंद करून आलेल्या चिरंजीवांनी माझ्यापुढे गाऱ्हाणे मांडले, "अण्णा, आता तुम्हीच बघा. बी. कॉम.चे शेवटचे वर्ष आणि हा रात्ररात्र लढाया खेळतो." बँकेत चौतीस वर्षे कर्जप्रकरणे तपासल्यामुळे एक सवय अंगात मुरली आहे : जागेवर जाऊन पाहिल्याखेरीज अभिप्राय द्यायचा नाही. म्हणून खुर्ची ओढून मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

पडद्यावर स्फोट आणि आगीचे लोळ दिसतील, अशी माझी अपेक्षा होती. दिसली ती खतावणी! कोणती जहाजे कोठे उभी आहेत, इंधन किती शिल्लक आहे, कोणत्या देशातील सभासद कोणत्या वेळी जागे असतात, मागील चकमकीत कोणाचे किती नुकसान झाले आणि त्यातील किती भरून द्यायचे, असे रकान्यांमागून रकाने. चिरंजीवांना ज्या नोंदी मुनीमजींकडून दर महिन्याला मागून घ्याव्या लागतात, त्याच नोंदी हा मुलगा कोणी न सांगता लिहीत होता.

खेळाचे नाव 'ईव्ह ऑनलाइन'. आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने तो २००३ साली सुरू केला. हजारो तारामंडळांच्या एका काल्पनिक विश्वात जगभरातील खेळाडू एकाच वेळी वावरतात, खनिज काढतात, जहाजे बांधतात, व्यापार करतात आणि गट करून प्रदेशासाठी लढतात. खेळातील चलनाचे लघुरूप 'आयएसके' आहे. आइसलँडच्या खऱ्या क्रोनाची आंतरराष्ट्रीय खूणही हीच. परकीय चलन विभागात काही वर्षे काढलेल्या माणसाला याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

गटाची युद्धनीती म्हणजे धाडसी सेनापतीची हाक, अशी माझी समजूत होती. नातवाने ती खोडून काढली. मोठे गट आधी ठरवतात की सर्वांनी ठरावीक नमुन्याचीच जहाजे आणायची, म्हणजे एकमेकांची दुरुस्ती करता येते. त्या नमुन्याचे जहाज नेत्याच्या आदेशाने लढताना नष्ट झाले, तर गटाच्या तिजोरीतून भरपाई मिळते. आपल्या मर्जीने भटकताना गमावले, तर दावा नामंजूर. हे ऐकून मला विमा कंपनीच्या सर्वेक्षकाची आठवण झाली. भरपाईची खात्री नसेल तर महागडे जहाज कोणी पुढे आणत नाही, म्हणून ज्याची तिजोरी भरलेली, त्याचे सैन्य शूर!

मग त्याने मला २७ जानेवारी २०१४ ची हकीकत सांगितली आणि मी सावरून बसलो. या विश्वात एखाद्या मंडलावर आपला ताबा राखायचा, तर तेव्हा ठरावीक मुदतीने शुल्क भरावे लागे. 'बी-आर५आरबी' नावाच्या एका मंडलात एका युतीचा मोठा तळ होता. शुल्क आपोआप वळते होण्याची व्यवस्था केलेली आहे, असे ताबेदारांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात ते भरले गेले नाही. ताबा सुटला, आणि हे ध्यानात येताच विरोधी युती चालून आली. पुढे सुमारे एकवीस तास लढाई चालली. साडेसात हजारांवर खेळाडू तिच्यात उतरले. यंत्रणेवर इतका भार आला की खेळातील काळ दहा टक्के वेगाने चालवावा लागला. एका मिनिटाच्या हालचालीला दहा मिनिटे लागत. 'टायटन' ही सर्वांत मोठी जहाजे, एकेक बांधायला कित्येक आठवडे घेणारी. त्यातली पंचाहत्तर नष्ट झाली, आणि त्यापैकी बहुतेक तळ गमावणाऱ्या पक्षाची होती. खऱ्या पैशांत हे नुकसान तीन लाख डॉलरच्या वर जाते, असा त्या वेळचा अंदाज होता. खेळ चालवणाऱ्यांनी पुढे त्या मंडलात जहाजांच्या सांगाड्यांचे स्मारकच उभे केले.

हे सगळे एका न भरलेल्या हप्त्यामुळे!

माझ्या शाखेत हळदीच्या एका व्यापाऱ्याचे खाते होते. गोदामाच्या विम्याचा हप्ता स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने जात असे. एका वर्षी त्यांनी शिल्लक दुसऱ्या खात्यात वळवली, हप्ता गेला नाही, आणि पावसाळ्यात गोदामात पाणी शिरले. हप्ता न गेल्याची नोंद आमच्या टेबलावर पडून होती. ती ज्यांनी पाहिली नाही, त्यांत मीही होतो. त्या गृहस्थांनी मला कधी बोल लावला नाही, म्हणूनच कदाचित ते विसरता आलेले नाही.

नातवाला मी विचारले, "तुमच्या गटाची तिजोरी कोण सांभाळतो?"

"मीच, आजोबा."

"आणि दुसरी सही कोणाची?"

तो हसला. त्याच्या एकट्याच्या हाती सर्व अधिकार होते. या खेळात असा अधिकार किती महागात पडतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यानेच ती गोष्ट मला सांगितली. 'बँड ऑफ ब्रदर्स' ही त्या विश्वातील एक बलाढ्य युती. २००९ च्या फेब्रुवारीत तिचा एक संचालक शत्रुपक्षाला, 'गूनस्वॉर्म'ला, जाऊन मिळाला आणि हाती असलेल्या अधिकाराने त्याने सभासद-संस्था युतीतून काढून टाकल्या. युती विसर्जित झाली, वर्षानुवर्षे राखलेल्या प्रदेशावरील हक्क गेले. तोफ डागावी लागली नाही. आणि पुढच्याच वर्षी जिंकलेल्या गूनस्वॉर्मनेही शुल्क थकवून आपला प्रदेश गमावला. आमच्याकडे स्ट्राँगरूमची एक किल्ली हेड कॅशियरजवळ आणि दुसरी अधिकाऱ्याजवळ असे. किरकोळ रजेवर जाताना किल्लीच्या नोंदवहीत सही करायचा आम्हाला कंटाळा येई, हे मी त्याच्यापाशी कबूल केले.

सौभाग्यवतींचे समाधान मात्र झाले नाही. "पिठाचा कोंबडा बळी दिला म्हणून यशोधर राजाला आणि त्याच्या आईला किती जन्म भोगावे लागले, ते ठाऊक आहे ना?" असे त्यांनी नातवाला विचारले. तो म्हणाला, "आज्जी, मी जहाज चालवतच नाही, मी हिशेब लिहितो." त्यावर त्या म्हणाल्या, "युद्धाचा हिशेब ना?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नाही. चिरंजीवांना मी एवढेच सांगितले की अभ्यासाची वेळ ठरवून द्या, पण मुलगा वाया गेला आहे असे म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी जेवताना नातवाने सहज विचारले, "आजोबा, आपल्या पेढीच्या खात्याचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?" चिरंजीवांनी मान वर केली नाही. तो त्यांनाच माहीत होता. विम्याच्या तारखा, पतपेढीतील ठेवींच्या पावत्या, गावोगावच्या उधारीच्या वह्या यांतले सूनबाईंना काहीच ठाऊक नव्हते, आणि इतकी वर्षे बँकेत काढून मलाही ते विचारायचे सुचले नव्हते.

त्या रविवारी आम्ही चौघे कागद घेऊन बसलो. यादी तीन पानांची झाली. दोन विम्यांची मुदत डिसेंबरातच संपते, हे चिरंजीवांनाही तेव्हाच समजले. नातवाने त्याच्या गटापुढे दुसऱ्या सहीचा प्रस्ताव ठेवला. काही सभासद रागावले आहेत, असे त्याने काल फोनवर सांगितले. पेढीच्या खात्यावर सूनबाईंची सही नोंदवण्याचा अर्ज मी भरून ठेवला आहे. चिरंजीवांची त्यावरची सही अद्याप व्हायची आहे.