पत्र कुणी लिहिले, हे शोधू नका! संस्थेतील गैरप्रकाराची तक्रार कशी हाताळावी?

धाराशिव : गैरव्यवहाराचे निनावी पत्र अध्यक्षांच्या टेबलावर आले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘हे लिहिले कुणी?’ मग अक्षर ताडून पाहिले जाते, संशय असलेल्याची बदली लांबच्या शाखेत होते. पत्रातला मजकूर खरा की खोटा, हे तपासायचे राहूनच जाते.

पीएमसी बँकेत काय घडले?

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेतील गैरप्रकार रिझर्व्ह बँकेला कळवला तो तिथल्याच काही कर्मचाऱ्यांनी. एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे जवळपास साडेसहा हजार कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. ते झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचा आरोप झाला. २३ सप्टेंबरला निर्बंध आले आणि ठेवीदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ही माहिती बाहेर न्यावी लागली, हेच अपयश. कर्ज विभागातल्या लोकांना दिसते ते संचालक मंडळापर्यंत पोहोचायला वाट हवी होती.

बँक बुडणे म्हणजे काय, हे धाराशिवकरांना वेगळे सांगायला नको. येथील वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना ११ जानेवारी २०२१ रोजी रद्द झाला. ठेवीवरचे विमा संरक्षण पाच लाखांपर्यंतच असते.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंद असलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँका-वित्तसंस्थांचे ५० कोटींहून अधिक कर्ज असलेल्या कंपन्यांना तक्रारीसाठी दक्षता यंत्रणा सक्तीची आहे. गोम अशी की सहकारी कारखाना किंवा पतसंस्था ‘कंपनी’ नसते, म्हणून हे कलम तिला लागू नाही. २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता, आणि तोही संमत होऊन अमलात आलेला नाही. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात हे काम संचालक मंडळाच्या इच्छेवरच आहे. एक ठराव पुरेसा आहे, खर्च जवळपास शून्य.

चौकशी कुणी करावी?

ज्याच्यावर आरोप, त्याच्या हाताखालच्याने नव्हे. आयसीआयसीआय बँकेच्या मंडळाने मार्च २०१८ मध्ये तत्कालीन प्रमुख चंदा कोचर यांच्यावर पूर्ण विश्वास जाहीर केला. दोनच महिन्यांत स्वतंत्र चौकशी जाहीर करावी लागली. ती निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी केली. जानेवारी २०१९ च्या अहवालात आचारसंहितेच्या भंगाचा निष्कर्ष निघाला. कोचर यांनी आरोप फेटाळले आहेत. पण आधी निकाल आणि मग चौकशी, हा क्रम मंडळालाच महागात पडला.

लहान संस्थेने बाहेरचा लेखापरीक्षक किंवा वकील नेमावा. तक्रार येताच कागदपत्रे, संगणकातील नोंदी, सीसीटीव्ही चित्रण सुरक्षित करावे. विलंब झाला की नोंदी ‘दुरुस्त’ होतात. आरोपीलाही लेखी आरोप, उत्तराची संधी आणि साक्षीदारांची उलटतपासणी मिळायला हवी. नाहीतर कारवाई न्यायालयात टिकत नाही. कामगाराला निलंबित केल्यास पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर?

तिथे मंडळाला मर्जी नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच, चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि तक्रारदाराचे नाव उघड करायचे नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची, किंवा थेट मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.