आधी शब्द, मग सॉफ्टवेअर!

मित्रहो, परवाच्या व्हायव्हात माझी दांडी गुल झाली. प्रोजेक्ट विमानाच्या पंखावरचा, रिपोर्ट जाडजूड, रंगीत चित्रं तर बघत राहावीत अशी! बाहेरून आलेल्या सरांनी एकच विचारलं, "व्हिस्कॉसिटी म्हणजे काय?" मी सूत्र सांगितलं. सर म्हणाले, "सूत्र नको, घरी आईला सांगशील तसं सांग." बस्स, बोलतीच बंद!

रात्री होस्टेलवर विचार केला. आईला काकवी माहीत आहे. काकवी भांड्यातून हळू सरकते, पाणी भसकन वाहतं. एक थर दुसऱ्या थराला धरून ठेवतो, ती व्हिस्कॉसिटी. विश्वकोशात तिला 'श्यानता' म्हटलंय. हवेतही ती असते, फार थोडी. पण तिच्यामुळेच पंखाला चिकटलेली हवा थांबते आणि तिथे सीमास्तर तयार होतो. इतकं सोपं होतं!

कोणी म्हणेल, शब्द नाही आला तर काय बिघडतं? सॉफ्टवेअर उत्तर देतंच की! बिघडतं, मित्रांनो. रेनॉल्ड्स नंबरचंच घ्या. वेग गुणिले लांबी, भागिले हवेची श्यानता (घनतेने भागलेली). आपलं मॉडेल १५ सेंटिमीटरचं, वारा सेकंदाला २० मीटर; आकडा येतो सुमारे २ लाख. चिकलठाण्याला उतरणाऱ्या मोठ्या विमानाच्या पंखासाठी तोच जातो २ कोटींच्या आसपास. म्हणजे शंभर पट फरक! आणि आपण मॉडेलचा निकाल बिनधास्त विमानाला चिकटवतो. चूक गणितात नसते, शब्द न कळण्यात असते.

'लिफ्ट'ला मी 'उचल' म्हटलं तर रूममेट हसला. आपल्या मराठवाड्यात उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे! पण ती उचल फेडता फेडता जीव जातो. ही उचल मात्र वेग दुप्पट केला की चौपट मिळते. आता हे तो जन्मात विसरणार नाही.

इंग्रजी शब्द टाकून द्या असं मी मुळीच म्हणत नाही. गेट इंग्रजीत, शोधनिबंध इंग्रजीत. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीतून इंजिनिअरिंगला वाट करून दिली, ते चांगलंच झालं. पण नुसत्या माध्यमाने काम भागत नाही. 'श्यानता' पाठ करून काकवी आठवली नाही, तर तीही घोकंपट्टीच!

म्हणून एक सुचवतो. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर दहा शब्द असावेत: दाब, घनता, श्यानता, लिफ्ट, ड्रॅग... प्रत्येकाचा अर्थ स्वतःच्या दोन ओळींत, कॉपी-पेस्ट नाही. सरांनाही विनंती, व्हायव्हाची सुरुवात तिथूनच करा. आणि सीनियर्सनो, मेसच्या रांगेत ज्युनियरला एखादा शब्द विचारा.

तोपर्यंत रविवारी पाणचक्कीला जा. सतराव्या शतकातल्या लोकांनी डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणलं, उंचावरून पाडलं आणि जातं फिरवलं. सॉफ्टवेअर नव्हतं, पण दाब म्हणजे काय हे त्यांना पक्कं कळलं होतं.

बघा, पटतंय का!